पोलादची थरथरती सही

खोटी सही आपल्याला बघावीसुद्धा लागत नाही, तिचा वास येतो, असं भिंगराव छातीठोकपणे सांगायचे. बँकेत चेकवरच्या सह्या जुळवण्यात त्यांची हयात गेली होती. खरं नाव काहीतरी वेगळंच होतं. पण खिशात कायम भिंग असल्यामुळे साहेबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना भिंगरावच म्हणत. लग्नाच्या नोंदणीच्या वेळी त्यांनी नवऱ्या मुलीची सही उजेडाकडे धरून पाहिली होती, आणि बायको ते अजून विसरली नव्हती.

बँक सुटली की हा गृहस्थ जुन्या फुटबॉलपटूंच्या सह्या जमवायचा. त्यातही दैवत म्हणजे पोलाद. पोलाद हा एकेकाळचा गोलकीपर. समोरून कितीही दांडगा गडी धावत आला तरी तो जागचा हलायचा नाही, म्हणून लोकांनीच त्याला ते नाव दिलेलं. पोलादच्या सहीचे फोटो, हातमोजे आणि जर्सी यांनी भिंगरावांच्या बैठकीची एक भिंत व्यापली होती. पहिला फोटो त्यांना लहानपणी थेट पोलादच्या संघाकडून टपालाने आलेला. नंतरची प्रत्येक सही ते त्या फोटोशी ताडून बघत, बँकेत चेक नमुन्याच्या कार्डाशी ताडतात तशी. जुळली तर खरी, नाही तर बनावट. मधलं काही नाही.

एवढ्यात गावातल्या फुटबॉल क्लबने काचेचं कपाट केलं. जुन्या वस्तू त्यात मांडायच्या आणि उद्घाटनाला साक्षात पोलाद येणार! वस्तू तपासायचं काम अर्थातच भिंगरावांकडे आलं, आणि पोलादच्या सहीच्या आपल्याकडच्या काही वस्तूही त्यांनी कपाटात मांडल्या. आणि कपाटाच्या मधल्या फळीसाठी चेंडू आला तो त्यांच्या सासऱ्यांचा.

सासरे दातांचे डॉक्टर. तरुणपणी त्यांनी पोलादची दाढ काढली होती, आणि त्याने खुर्चीत बसल्याबसल्या या चेंडूवर सही करून दिली होती. घरात पाहुणा आला की आधी पाणी आणि मग ही गोष्ट, असा रिवाज होता. सासूबाई गेल्यापासून तर ती गोष्ट सांगतानाच काय ते म्हाताऱ्याचे डोळे चमकायचे.

भिंगरावांनी भिंग लावलं. मान हलवली. रेघ जागोजागी थरथरलेली, पेन मध्येच अडखळलेलं, शेवटचा फराटा भलतीकडेच गेलेला. दुसऱ्याची सही बघून बघून गिरवणाऱ्याचा हात असाच कापतो. त्यांनी समितीसमोर खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "बनावट."

सासरे म्हणाले की त्याने माझ्या डोळ्यांदेखत सही केलीय. त्यावर गप्प बसावं की नाही? पण भिंगरावांना वाटलं, म्हाताऱ्याची समजूत घालावी. ते म्हणाले, "बाबा, सही तुमच्यासमोर झाली असेल हो. पण खुर्चीत बसला होता तो पोलाद नसेल."

झालं! संध्याकाळपर्यंत क्लबभर बातमी पसरली की डॉक्टरांनी एका तोतयाची दाढ काढली. दुसऱ्या दिवशी ती अशी झाली की डॉक्टरांनी भलत्याच माणसाची दाढ काढली, आणि दोन पेशंटांनी वेळ रद्द केली. सासऱ्यांनी चेंडू उचलून घरी नेला आणि उद्घाटनाला येणार नाही म्हणून कळवलं. जेवणही सोडलं. बायकोने मग भिंगरावांना एकच वाक्य ऐकवलं. "तू खरा असशीलही, पण माझ्या बापाकडे एवढी एकच गोष्ट होती."

भिंगरावांना ते पटलं. पण खोट्या सहीला खरी म्हणायला जीभ रेटेना. शेवटी बायकोच वडिलांना हाताला धरून उद्घाटनाला घेऊन आली, चेंडू पिशवीत घालून.

पोलाद आला. केस पिकले होते, पण खांदे अजून दाराएवढे. बरोबर त्याची ठेंगणी, हसरी बायको. वाद कायमचा मिटावा म्हणून भिंगरावांनी पिशवीतून चेंडू काढून त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, "साहेब, ही सही तुमची आहे का?"

पोलादने सही पाहिली. त्याचा हात आपोआप गालावर गेला. मग त्याला मागे उभे असलेले सासरे दिसले, आणि आयुष्यात कधी गोल सोडून न हललेला तो माणूस चक्क मागे सरकला.

"डॉक्टर, तुम्ही!" तो म्हणाला. "माझीच आहे ही सही. हात कापत होता हो माझा. तुमचं ते दात कोरायचं यंत्र नुकतंच बंद झालं होतं."

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. भिंगराव मात्र हटेनात. मग कपाटातल्या बाकीच्या सह्या वेगळ्या कशा? पोलादची बायको कपाटाजवळ गेली आणि कौतुकाने बघत म्हणाली, "अगं बाई, केवढ्या जपून ठेवल्यात. या सगळ्या मी केल्यात."

सामन्यानंतर पोलादची बोटं सुजलेली असायची, पेन धरवायचं नाही. आणि फोटो तर पोत्याने यायचे. मग भाजी शिजेपर्यंत ती ओट्याशी उभी राहून सह्या उरकायची. त्या दिवशी यंत्राचा आवाज सहन न होऊन ती दवाखान्याबाहेर पळाली होती, म्हणून बिचाऱ्याला स्वतः करावी लागली. तेवढी एकच.

भिंगरावांनी आ वासला. डोळ्यांसमोर बैठकीतली अख्खी भिंत उभी राहिली. सासऱ्यांनी चेंडू मधल्या फळीवर ठेवला, दोनदा नीट फिरवला, आणि जावयाच्या उघड्या तोंडात डोकावून म्हणाले, "जावईबापू, मागची दाढ किडलीय. उद्या या."

जाता जाता भिंगरावांनी धीर करून पोलादकडे एक तरी खरी सही मागितली. तो आनंदाने हो म्हणाला, पेन घेतलं, टोपण काढलं आणि सवयीने बायकोच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी भिंगराव दवाखान्यातल्या खुर्चीत बसले. सासरे सकाळपासून शीळ घालत होते. पेशंट परत आले होते आणि प्रत्येकाला नवी गोष्ट ऐकायची होती. दाढ काढायला हरकत नाही, असं लिहिलेला कागद त्यांनी पुढे केला. बाजूला यंत्र घरघरायला लागलं. भिंगरावांनी कशीबशी सही केली.

सासऱ्यांनी जावयाच्या खिशातून भिंग काढलं, कागद उजेडाकडे धरला आणि बराच वेळ निरखला.

"बनावट," ते म्हणाले. "खुर्चीत बसलेत ते आमचे जावई नसावेत."