भट्टीच्या दाराचे बटण बदलिले त्याची हकिकत

श्री अग्निदेवतेस दंडवत, जी ज्वाळ न दाविता दूध ऊन करिते. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमी, ते दिवशी एका राज्यात काय घडले ते ऐका.

राजे भिवाजीराव हे तीस वर्षे ट्रकांचे मेस्तरी, आणि राणीसाहेब चंपूबाई स्वयंपाकघराच्या धनी. दोन वर्षांमागे राणीसाहेबांची नजर मंदावली आणि पदरास ग्यासचा जाळ लागला, मग लेकीने ग्यास बंद करविला आणि मायक्रोवेव्ह नामे भट्टी धाडिली, आणि राणीसाहेबांनी बटणे बोटांनी चाचपून ओळखिली आणि राज्य पुन्हा उभे केले. त्या भट्टीने पंचमीस दगा दिला. दार लाविले तरी ताट फिरेना, आणि यंत्रास वाटे की दार उघडेच आहे. राणीसाहेब खुर्चीत जाऊन बसल्या आणि बोलल्या, "झालं. आता मरेस्तोवर दुसऱ्याच्या हातचं खायचं." हे राजांच्या काळजास लागले.

मग कारागीर हनीफभाई यांस पाचारण झाले, आणि त्यांनी वायर काढिली, आत साठलेली वीज उतरविली, आणि दाराआडचे नखाएवढे बटण दाविले. "काका, हे मेलंय. नवं उद्या आणतो."

राजे गरजले, "उद्या कशाला? दोन वायरी पीळ आणि डायरेक्ट कर! माझ्या हातनं गेलेल्या ट्रकांत एकबी स्विच जाग्यावर नव्हता. सगळे डायरेक्ट, आणि सगळे पोचले!"

"ट्रकाला चालतंय, काका. हे बटण दाराचं राखणदार. त्याला काढलं तर एखाद्या दिवशी दार उघडं आणि भट्टी चालू, आणि हात आत. काकू घंटी होईस्तोवर थांबतात का?"

राजांनी खुर्चीकडे पाहिले आणि हळू बोलले, "ती? अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि ही वाकून बघत हुती मला."

खुर्चीतून राणीसाहेब कडाडल्या, "बघू नको तर काय! दादा म्हणलेला नवरा काळा हाय. किती, ते नको बघाया?"

मग राजांनी हुकूम केला, "नवंच आण. चांगलं बघून आण."

तो दिवस उभयतांनी चुरमुऱ्यांवर काढिला, कारण राणीसाहेब शेजारणीच्या डब्यास हात लावीनात. षष्ठीस हनीफभाई आले आणि नवे बटण बसविले, आणि दार टक् करून लागले, आणि दुधाचा पेला आत फिरो लागला. दहा सेकंद उरली असता राणीसाहेबांनी दार ओढिले. भट्टी जागच्या जागी थांबली. राजे हाताकडे पाहात होते, आणि हात पेल्यासह धड बाहेर आला.

"काय बघताय असं? साखर कमीच हाय. डागदरनं सांगितलंय."

"काय न्हाई," म्हणोन राजे दूध पिते झाले, आणि पेला रिता होईतो त्यांनी मान वर केली नाही.

सारांश, राणीसाहेबांचे राज्य राणीसाहेबांकडे राहिले, आणि राजांनी उभ्या जन्मात एक स्विच जाग्यावर राहू दिला. बखर येथे पुरी झाली.