चाकावरचं टेंगूळ

तुटलेली वस्तू माझ्या हातात द्या, मी तिची जुळी बहीण करून देतो! ही बढाई नाही, माझा धंदाच आहे. ज्या यंत्रांचे कारखाने कधीच बंद पडले, ज्यांचे नकाशे उंदरांनी खाल्ले, त्यांचे सुटे भाग आम्ही पुन्हा बनवतो. जुना भाग स्कॅनरखाली ठेवायचा, त्याचा कानाकोपरा कॉम्प्युटरात उतरवायचा आणि थ्रीडी प्रिंटरवर थरावर थर चढवत हुबेहूब तसाच छापून काढायचा. त्यामुळे सासूबाईंच्या शिवणयंत्राचं दातेरी चाक तुटलं हे कळल्यावर मला वाईट वाटायच्या ऐवजी, खरं सांगतो, गुदगुल्या झाल्या!

वेळ मात्र वाईट होती. रविवारी शाळेत मुलांचं नाटक होतं आणि त्यातल्या झाडून सगळ्या अस्वलांचे पोशाख सासूबाई शिवत होत्या. मेकॅनिकने चाक पाहून हात टेकले. म्हणाला, हा भाग आता मिळत नाही, यंत्र भंगारात घाला. सासूबाईंनी अर्धवट शिवलेल्या अस्वलाची घडी घातली आणि शांतपणे म्हणाल्या, "आजवर दिलेली तारीख कधी चुकवली नाही. आता चुकणार. पुरे झालं. यंत्राबरोबर मीही थांबते."

बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ज्या बाईने या एका यंत्रावर पोरीला वाढवलं, शिकवलं, ती अशी हातावर हात ठेवून बसलेली मला बघवेना. मी छाती पुढे काढून सांगितलं, "आई, शुक्रवारी यंत्र चालू!"

"बघा, जमलं तर," त्या म्हणाल्या.

ऑफिसात चाकाचे दोन्ही तुकडे जोडले, स्कॅन केले. पडद्यावर चाक आलं आणि त्याच्या कडेला एक टेंगूळ दिसलं. मी म्हटलं, मळ असेल, पुसून टाकतो. तेवढ्यात शेजारच्या कंपासने माझा हात धरला. कंपास म्हणजे आमचा सहकारी. हा गृहस्थ चहासुद्धा मोजल्याशिवाय पीत नाही. त्याने आठवण करून दिली की, मूळ कारागीर आपल्यापेक्षा शहाणा असतो, कारण कळल्याशिवाय काहीही पुसायचं नाही, असा साहेबांचा दंडक आहे.

मग साहेबच आले. कंपासचं मत पडलं की टेंगूळ चाकाचा तोल सांभाळत असणार. साहेबांनी चित्र मोठं करून पाहिलं, तर त्या टेंगळावर चार छोटे खळगे! अगदी ओळीत, एकसारखे! साहेबांचा आवाज भरून आला. म्हणाले, हे हातानं केलेलं काम आहे, हल्ली इतका जीव कोण ओततो? मग काय, आम्ही चाक छापलं ते टेंगळासकट. खळगे तर इतके नेमके उठवले की मूळ कारागीर असता तर त्याने गळामिठी घातली असती!

शुक्रवारी चाक बसवलं. सासूबाईंनी पायंडलवर पाय ठेवला. टक! थोडं पुढे गेलं की पुन्हा टक! प्रत्येक फेऱ्याला यंत्र उचकी देत होतं आणि सुई एक टाका गाळत होती. अस्वलाच्या पोटावरची शिवण पडक्या कुंपणासारखी दिसायला लागली. हे टेंगूळ कशाला, असं सासूबाईंनी विचारलं. मी त्यांना वजन, तोल, कंपन यावर एक छोटंसं व्याख्यान दिलं. त्या मान डोलावत होत्या, त्यामुळे मी आणखीच रंगात आलो.

बायको मागून वाकून बघत होती. तिने त्या खळग्यांवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा एकदम गोरामोरा झाला.

"अरे, हे माझं चिंगम आहे," ती म्हणाली.

लहानपणी ती या यंत्राखाली बसून चोरून चिंगम खायची. एकदा आईची चाहूल लागली म्हणून घाईघाईने ते आत कुठेतरी चिकटवलं होतं. सासूबाईंनी चष्मा काढला. "गिळलं म्हणाली होतीस तू. आठवडाभर केळी चारली मी तुला!"

मी साहेबांना फोन लावला. टेंगूळ म्हणजे चिंगम निघालं, असं सांगून टाकलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि ते खळगे?"

"दात, साहेब. आमच्या हिचे. दुधाचे."

शनिवारी सकाळीच मी बिनटेंगळाचं, गुळगुळीत चाक छापून आणलं. आता काय, यंत्र लोण्यासारखं चालणार! सासूबाईंनी पायंडल मारलं, यंत्र खडखडलं, थरथरलं, आणि अस्वलाचा कान शेपटीला शिवला गेला. कंपास व्हिडिओ कॉलवर आला, इकडून दाखवा, तिकडून दाखवा म्हणाला आणि शेवटी निदान झालं. चाकाशेजारची दांडी इतक्या वर्षांत झिजून सैल झाली होती. तिला हळूच दाबून धरत होतं ते चिंगम! आम्ही ते कडक प्लास्टिकचं केलं म्हणून दांडी आपटत होती, आणि काढून टाकलं म्हणून आता ती मोकाट सुटली होती. मऊ रबराचा तुकडा लागेल, तो मागवायला पुढचा आठवडा उजाडेल, असं कंपासने सांगितलं. अस्वलं तर उद्या नाचणार होती!

सासूबाई उठल्या, पिशवी घेतली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः चिंगमचं पाकीट घेऊन आल्या. जन्मभर ज्या पदार्थाला त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं, तोच! बायकोच्या दाढेला नवीन टोपी बसवलेली, तिला चिंगम बंद. दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मी चावायला बसलो. पहिलं फार मऊ झालं, दुसरं फार चिवट. सासूबाई बोटाने दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून थोडं." अखेर एक त्यांच्या पसंतीला उतरलं. ते जागेवर चिकटवलं आणि यंत्र असं सुरू झालं की सासूबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. संध्याकाळपर्यंत सगळी अस्वलं उभी! थांबण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, उलट पुढच्या महिन्याची कोल्ह्यांची ऑर्डर घेतली. मला इतका आनंद झाला की जबडा दुखत असूनही मी हसलो.

रविवारी त्यांनी ऐनवेळी कुठे काही उसवलं तर म्हणून यंत्र शाळेत न्यायला लावलं. ते अवजड धूड मी उचललं आणि पडद्यामागे उभा राहिलो, चिकटवलेलं सुटलंच तर म्हणून तोंडात दुसरं चिंगम तयार ठेवून. आईंचाच हुकूम होता तसा.

इतक्यात मुख्याध्यापिका आल्या. माझ्या हलत्या जबड्याकडे पाहून त्यांनी कागदाचा तुकडा पुढे केला आणि म्हणाल्या, "आमच्या शाळेत चिंगम चालत नाही. थुंका यात."

मी मोठ्या आशेने सासूबाईंकडे पाहिलं. त्या एका अस्वलाचं बटण लावत होत्या. मान वर न करता त्यांनी सुस्कारा सोडला.

"काय करणार बाई," त्या म्हणाल्या, "लहानपणी वळण लावलं नाही की असं होतं."