प्रणितासारखा फॉन्ट

"मॅम, एका मराठीला दोन पोरी कायकू?"

प्रश्न दीपमालाचा, पण तो विचारायची पैज भाग्यलक्ष्मीची आणि मागच्या बाकावरच्या अख्ख्या टोळीची. "दम है तो पूछ," एवढंच म्हणाल्या होत्या त्या. गेल्या वर्षापर्यंत दीपमालाला पाणी प्यायला जाऊ का, एवढं विचारतानाही घाम फुटायचा. दहावीत आल्यापासून मात्र कुठून कोण जाणे, तिच्या अंगात दम आला होता, आणि नवी चप्पल घालून माणूस उगीच चार चकरा मारतो तसा ती तो दम दिवसभर वापरून बघत होती.

मातृभाषा दिनाची आंतरशालेय स्पर्धा सिकंदराबादला होती. कुकटपल्लीतल्या या शाळेत तेलुगूवाल्या मुली ढीगभर, उर्दूवाल्याही भरपूर. मराठी बोलणाऱ्या दोनच, दीपमाला आणि प्रणिता. पद्मावती मॅमनी दोघींची नावं फळ्यावर लिहिली होती. प्रश्न ऐकून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"करेक्ट आहे," त्या म्हणाल्या. "दोघी कशाला? शुक्रवारी दोघींनी प्रेझेंटेशन दाखवायचं. जिचं चांगलं, ती जाणार."

दीपमाला मटकन खाली बसली. तिच्या हिशेबानं मॅम म्हणणार होत्या, "हो की! दीपमाला एकटी पुरे."

कारण सहावीपासून वर्गातली मराठी म्हणजे दीपमालाच. "थोडा मराठी में बोल ना!" म्हणून पोरी तिच्या मागे लागायच्या. एकदा आईनं सकाळी केलेली खरडपट्टी तिनं हातवारे करून कविता म्हणून ऐकवली होती, आणि टाळ्या पडल्या होत्या. मग या जूनमध्ये नाशिकहून प्रणिता आली. ती "मला असं वाटतं" म्हणायची. "अगदीच!" म्हणायची. दीपमालाच्या "हौ" आणि "नक्को"शेजारी तिचं मराठी इस्त्री केल्यासारखं उभं राहायचं. पोरी आता तिच्या बाकाभोवती जमायच्या. दीपमाला लांबून बघायची आणि डब्यातलं लोणचं जरा जास्तच जोरात चावायची.

त्यात भर म्हणून कॉम्प्युटर लॅबमध्ये तिला प्रणिताची पहिली स्लाईड दिसली. एकच शब्द, 'मराठी'. पण काय अक्षर! वेलांटी अशी झोकात वळलेली, जणू नथच. रेषा जाडपासून बारीक होत जाणाऱ्या. शेजारी दीपमालाची स्लाईड उघडी होती. तिच्यावर तोच शब्द 'पाणी जपून वापरा' अशा सोसायटीच्या नोटिशीसारखा दिसत होता.

"कौनसा फॉन्ट है गे वो?" भाग्यलक्ष्मीनं हळूच विचारलं.

"मला काय माहीत?"

"पूछ ना उसको."

"मर जाऊंगी, पूछूंगी नहीं," दीपमाला म्हणाली. बाईसाहेबांचा दम असा भलत्या वेळी संपायचा.

विचारायचं नाही, पण फॉन्ट तर पाहिजे. मग आठवले तातेरावकाका. दिलसुखनगरला त्यांचं छपाईचं दुकान. मराठी लग्नपत्रिका, नामकरण, जयंतीचे बॅनर, सगळं तिथंच व्हायचं. शाळा सुटल्यावर दीपमालानं थेट मेट्रो पकडली. मोबाईलमध्ये डोकं घालून ती दुकानात शिरली.

"जयभीम काका. मला भारीतला मराठी फॉन्ट पाहिजे."

"एकच?" काकांना अपमान झाल्यासारखं वाटलं. "अगं, काकाच्या दुकानात येऊन एक फॉन्ट मागायलीस? सगळेच ने की! वीस वर्षांची कमाई हाय ती." त्यांनी पेन ड्राईव्ह तिच्या हातात ठेवला. "पण ह्ये..." ते पुढं काहीतरी सांगणार होते, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि दीपमालाला थांबायला वेळ नव्हता.

घरी लॅपटॉप एकच होता, बाबांचा. दीपमालानं पेन ड्राईव्ह लावला. आत शेकडो फॉन्ट. शहाण्या माणसानं एक निवडला असता. पण मत्सराला एकानं कुठं भागतं? तिनं सगळे निवडले आणि इन्स्टॉलचं बटण दाबलं.

मग प्रेझेंटेशन उघडलं, 'मराठी' टाईप केलं आणि फॉन्टचा मेनू उघडायला घेतला. तो उघडेपर्यंत ती स्वयंपाकघरात जाऊन बोटभर दही चाटून आली. परत येऊन बघते तर काय, मेनूतल्या नावांच्या जागी नुसता गोंधळ. अर्धी अक्षरं, लोंबकळणाऱ्या वेलांट्या, कुणाचा काना कुणाच्या डोक्यावर.

"आई! याला काय झालं बघ ना!"

आई धपाट्यांचं पीठ मळत होती. पिठाच्या हातानंच आली. "त्यात काय बघायचं? मराठीच आहे की."

"वाच मग."

आईनं मान तिरकी केली. "ढ्रम... क्षटू... ळूफ..." मग थांबली. "शिव्या दिसायल्यात गं."

दीपमालानं त्यातलीच एक शिवी निवडली. स्लाईडवरचा 'मराठी' जागचा हलला नाही. दुसरी निवडली, तसाच. दहावी निवडली तरी नोटीस ती नोटीसच. रागानं तिनं इंग्रजीत स्वतःचं नाव टाईप केलं, तर पडद्यावर 'घझढ्' असं काहीतरी उमटलं.

तेवढ्यात बाबा आले. ते रेल्वेत. त्यांच्या मते जगातल्या कुठल्याही अडचणीवर एकच औषध होतं.

"बंद करून चालू कर."

केलं. शिव्या तशाच.

"सरक. मी बघतो. माझ्या फायलीत येतंय का ते बघू आधी." बाबांनी स्वतःचं प्रेझेंटेशन उघडलं. सोमवारी ते ऑफिसात दाखवायचं होतं. विषय: आग लागल्यास काय करावे, इंग्रजीतून. त्यांनी सगळा मजकूर निवडला, मेनूवर बोट फिरवलं, एक नाव दाबलं गेलं, आणि आग विझवायच्या सगळ्या सूचना एका झटक्यात ढ्रम-क्षटूमध्ये गेल्या. बाबा सरकारी माणूस. काहीही झालं की आधी सेव्ह करायचं आणि मग घाबरायचं. त्यांनी सेव्ह केलं, बंद केलं आणि मग घाबरले.

"आधी कुठला फॉन्ट होता?" दीपमालानं विचारलं.

"होता तो."

"त्याचं नाव काय?"

"नाव कोण बघतं? होता तो होता!"

"आता आग लागली तर सगळ्यांनी जागेवर उभं राहून जळायचं," आई म्हणाली आणि पीठ मळायला गेली.

मग काकांना फोन. "अगं, त्येच सांगणार होतो की," काका म्हणाले. "जुने फॉन्ट हायेत ते. त्यांचा कीबोर्ड वेगळा. कुठल्या बटणावर कुठलं अक्षर, ते पाठ पाहिजे."

"मग सांगा ना. मी लिहून घेते."

"ते मला कुठं ठाऊक हाय? बोटांना ठाऊक हाय. बोटं फोनवरून कशी धाडू?"

फोन ठेवताना दीपमालाचा चेहरा बघून आईला कळवळा आला, आणि आईनं कळवळ्यानं जे केलं ते दीपमालाला जन्मात नको होतं. "थांब. त्या नाशिकच्या बाईंचा नंबर आहे माझ्याकडं. त्यांच्या प्रणिताला कॉम्प्युटरमधलं लई कळतं म्हणे."

"नक्को! आई, नक्को ना!"

"का गं?"

का, ते सांगायला शब्द नव्हते. होते, पण ते त्या मेनूतल्या नावांसारखे होते.

प्रणिता दोन गल्ल्या सोडून राहायची. सायकलवरून आली, चपला जोडीनं काढून ठेवल्या, "नमस्कार काकू, नमस्कार काका," म्हणाली. बाबांनी लगबगीनं दीपमालाची खुर्ची तिच्यासाठी ओढली. दीपमाला पलंगाच्या कडेवर बसली, भिंतीकडे तोंड करून, पण कान वळवून.

"अच्छा," प्रणिता म्हणाली. "हे सॉफ्टवेअर प्रत्येक फॉन्टचं नाव त्याच फॉन्टमध्ये लिहून दाखवतं. आणि या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे तुकडे असतात. म्हणून नावांचं असं झालंय." तिनं सेटिंग उघडलं आणि एका चौकोनातली बरोबरची खूण काढून टाकली. मेनूतली सगळी नावं सरळ साध्या इंग्रजीत रांगेत उभी राहिली. मग बाबांच्या आगीला एक शहाणा फॉन्ट लावून दिला.

"एका खुणेचं काम!" बाबा म्हणाले. "प्रणिता बेटा, कमाल आहे तुझी."

बेटा! दीपमालाला ते कधी बेटा म्हणाले होते? दहावीत गेल्यापासून तर "ए" म्हणत होते.

"काय गोड बोलतं गं लेकरू," आतून आई. "बस, धपाटे खाऊन जा."

"अगदी नको म्हणवत नाही काकू," प्रणिता म्हणाली आणि चार खाल्ले.

शेवटी दीपमालाला राहवलं नाही. भिंतीकडे बघतच तिनं विचारलं, "तुझ्या स्लाईडवरचा 'मराठी' कुठल्या फॉन्टात आहे?"

प्रणिता लाजली. "तो फॉन्ट नाहीये गं. फोटो आहे. दिलसुखनगरला एक दुकान आहे ना, 'मराठी पत्रिका छापून मिळतील' असा रंगवलेला बोर्ड असलेलं? त्याचा फोटो काढला आणि पहिला शब्द तेवढा कापून घेतला."

दीपमाला भिंतीकडून तिच्याकडे वळली. ज्या अक्षरासाठी तिनं शेकडो फॉन्ट घरात आणले होते, ते काकांच्या दुकानाच्या दारावर होतं आणि ती त्याच्याच खालून आत गेली होती.

"म्हणजे दुसरा शब्द लिहायचा झाला तर?"

"नाही जमत. एकच शब्द आहे माझ्याकडे." प्रणितानं आवाज खाली आणला. "खरं सांगू? मला तुझाच हेवा वाटतो. तू बोललीस की सगळे हसतात. मी बोलले की मॅमसुद्धा 'व्हेरी गुड' म्हणून खिडकीकडे बघतात."

इतकं गोड कुणी बोललं की त्याचा राग करणं किती अवघड होतं! दीपमालानं नेटानं केला.

शुक्रवारी झालंही तसंच. प्रणिताची नथीची वेलांटी बघून वर्ग "वॉव" म्हणाला, आणि त्यानंतर ती दोन मिनिटं इतकं शुद्ध बोलली की भाग्यलक्ष्मीला डुलकी लागली. दीपमालाच्या मागे नोटीस-छाप 'मराठी' झळकत होता. पण ती सांगायला लागली: तिच्या आजोळी "हो" म्हणतात, तिच्या घरी "हौ" म्हणतात, बाबा रागावले की उर्दू, भाजीवालीशी भांडताना आई तेलुगू, आणि मग या सगळ्याचं मिळून जे होतं त्यालाच तिच्या घरी मराठी समजतात. ढ्रम-क्षटूची गोष्ट तिनं आईच्या आवाजात केली. पद्मावती मॅमनी हसून हसून चष्मा काढला. सगळ्यात जोरात टाळ्या प्रणितानं वाजवल्या, हे दीपमालानं नाइलाजानं पाहिलं.

"दीपमाला जाणार," मॅम म्हणाल्या. "उद्यापासून रोज संध्याकाळी तिकडे तालीम. घरी सांग."

दीपमाला ग्रंथालयाचं पुस्तक परत करायला थांबली, मग मैत्रिणींनी तिला अडवून मिरची बज्जी खायला नेलं. सगळ्या रस्त्यानं ती मनात वाक्य जुळवत आली. आई, बाबा, तुमची पोरगी सिकंदराबादला चालली! आई रडेल. बाबा, कोण जाणे, बेटाही म्हणतील.

दार उघडंच होतं. बैठकीत तिच्या खुर्चीवर प्रणिता बसली होती. बाबा तिला आगीचं प्रेझेंटेशन म्हणून दाखवत होते आणि ती योग्य जागी "अगदीच!" म्हणत होती. आई तिच्या ताटात धपाटा वाढत होती, तो कितवा होता देव जाणे.

"ये गं," आई म्हणाली. "प्रणिता रोज संध्याकाळी येणार आहे आता. यांना कॉम्प्युटर शिकवायला. तिच्या आईला विचारलं मी, हौ म्हणाल्या. मी म्हटलं, तुझंच घर समज."

दीपमालानं दप्तर खाली ठेवलं. आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आपल्या खुर्चीकडे पाहिलं. जुळवून आणलेलं वाक्य तिनं गिळून टाकलं. अंगातला सगळा दम गोळा केला.

"आई, बाबा, माझी निवड झाली," ती म्हणाली. "पण मी ठरवलंय. सिकंदराबादला मी जाणार नाही. प्रणिता जाईल. मी मॅमना सांगते."

आईच्या हातातला धपाटा तसाच राहिला. तिचे डोळे भरून आले. "केवढं मोठं मन गं माझ्या लेकीचं!"

"दीपमाला!" प्रणिता उठून उभी राहिली. "खरंच?"

"हौ, खरंच," दीपमाला म्हणाली आणि रिकाम्या झालेल्या खुर्चीत जाऊन घट्ट बसली. "तालीम उद्यापासूनच आहे. रोज. संध्याकाळी."