श्राद्धाच्या सकाळचा क्रौंच

सासूबाईंच्या सातव्या वर्षाच्या श्राद्धाला बावीस नातेवाईक गुडघे मोडून बसलेले, उदबत्ती तिसऱ्यांदा लावून झालेली, जेवणाचे डबे कोपऱ्यात रचून ठेवलेले, आणि महाराजांचा पत्ता नाही. महाराजांना आणायला गाडी घेऊन गेलेल्या जावयाचाही नाही. जावयाची बायको मित्सुएबाई दर पाच मिनिटांनी दारात जाऊन रस्त्याकडे बघत होत्या. त्यांचे धाकटे भाऊ कुनिओ पायाला मुंग्या आल्या म्हणून उठायला गेले आणि थेट आत्याबाईंच्या मांडीवर कोसळले.

त्याच वेळी गावाबाहेर, ताजिरीच्या पाणथळीच्या बांधावर, जावई हिसानोरी ओबारा आणि मंदिराचे एन्काई महाराज शेजारी शेजारी उकिडवे बसले होते. महाराजांनी जांभळी कफनी गुडघ्यापर्यंत खोचली होती. धुकं एवढं, की गाडी रस्त्यावर आहे का ढगात हेच कळेना, म्हणून हिसानोरींनी ती थांबवली होती. एवढंच काय ते घडलं होतं. मग धुकं एका जागी जरासं विरलं, आणि तिथं, कापणी झालेल्या भातखाचरात, एक उंच पांढरा पक्षी चालत होता. चेहरा तांबडा. पाऊल असं सावकाश टाकायचा, की खालच्या पाण्याचीसुद्धा झोप मोडू नये.

“हिसानोरी,” महाराज कुजबुजले, “मला दिसतंय ते तुम्हालाही दिसतंय ना?”

“दिसतंय. सायबेरियन क्रौंच.”

“आपल्याकडं?”

“आपल्याकडं कधीच नाही.”

पाच मिनिटं थांबायचं ठरलं. ती पाच मिनिटं दहा वाजून पाचला सुरू झाली आणि सव्वाअकराला संपली. मधल्या वेळात काय झालं म्हणाल, तर काहीच नाही. क्रौंच चिखलातून कंद उकरत होता, धुकं येत होतं, जात होतं, आणि दोन पिकल्या केसांची माणसं श्राद्ध, सासू, डबे, सगळं विसरून श्वास रोखून बसली होती. हिसानोरींनी एक फोटो काढला. एकच, पण असा, की पुन्हा बघताना त्यांनाच खरं वाटेना.

घरी पोचल्यावर ते दारातच म्हणाले, “टायर पंक्चर झालं.”

महाराज खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, “वाटेत थांबावं लागलं,” आणि चिखलानं माखलेले पांढरे मोजे कफनीत लपवून लगेच सूत्र म्हणायला लागले.

आता हिसानोरींचं दुखणं काय होतं, ते सांगितलं पाहिजे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी झाली, निवृत्ती झाली, पण एकतीस वर्षं ते ‘पाणथळ’ नावाच्या स्थानिक त्रैमासिकाला नेमानं पक्ष्यांच्या नोंदी पाठवत आले होते. कावळे चाळीस, चिमण्या साठ, बदकं अमुक. एकतीस वर्षं त्या शेवटच्या पानावर, ‘इतर नोंदी’ या मथळ्याखाली, बारीक टायपात छापून येत. पहिल्या पानावर ‘पहिली नोंद’ नावाची चौकट असे. त्या भागात जो पक्षी आजवर कुणी पाहिला नाही, तो पाहणाऱ्याचं नाव तिथं येई. मरण्याआधी एकदा त्या चौकटीत यावं, एवढंच या माणसाचं मागणं होतं.

आणि चौकट दारात येऊन उभी राहिली ती नेमकी रविवारी, श्राद्धाच्या दिवशी. नोंदीच्या फॉर्मवर तारीख हवी, वेळ हवी, हवामान हवं आणि दुसऱ्या पाहणाऱ्याचा सही-शिक्का हवा. शुक्रवारी अंकासाठी नोंदी घेणं बंद होणार होतं. सोमवारी त्यांनी संपादक तोगाशीबाईंना फोन लावला.

“बाई, सहज विचारतो. समजा कुणी नोंद पाठवली आणि वेळ लिहिली नाही, तर?”

“तर ती नोंद नाही, गप्पा.”

“आणि तारीख एक दिवस पुढची टाकली तर?”

“काल रविवारी धुकं होतं, आज धो धो पाऊस. फोटो बघून मी तारीख सांगते, ओबारासान. कुणाला लपवाछपवी करायचीय?”

“छे, छे. सहज विचारलं.”

मंगळवारी ते मंदिरात गेले. महाराजांनी फोटो दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले, उघडले, पुन्हा फोटो पाहिला. पण शिक्का काही बाहेर काढला नाही.

“महाराज, तुम्ही तर कधी खोटं बोलत नाही.”

“म्हणून तर सही करत नाही. फॉर्मवर खरी वेळ लिहिलीय ना. बावीस माणसांना ताटकळत ठेवून महाराज पक्षी बघत बसले, असं छापून येईल. उद्या कोण बोलावेल मला?”

“मग मी काय करू?”

महाराजांनी थोडा विचार केला. “मित्सुएबाईंना सांगून टाका. म्हणावं, सासूबाईच आल्या होत्या. सातवं वर्ष, पांढरा पक्षी. असं होतं कधी कधी.”

“होतं?”

“होत नाही असं तरी कुणी सिद्ध केलंय?”

एक खोटं पचवायला दुसरं लागतं, ते असं. त्यात बुधवारी कुनिओ हत्यारांची पेटी घेऊन हजर. पंक्चर झालेलं टायर तसंच फिरवतात म्हणजे काय, मी बघतो म्हणाले. ते चहा पीत होते तेवढ्यात हिसानोरी गुपचूप अंगणात गेले आणि चांगल्या धडधाकट टायरमध्ये त्यांनी हातोडीनं खिळा ठोकला. जन्मात भिंतीवर कॅलेंडर सरळ लावलं नव्हतं, पण हा खिळा एका दणक्यात आत गेला.

कुनिओंनी तो पकडीनं उपसला आणि उजेडात धरला. “दाजी, खिळा नवा कोरा आहे.”

“असेल बुवा.”

“आणि टायरच्या कुशीत गेलाय. रस्ता काय बाजूनं येऊन लागला तुमच्या गाडीला?”

मित्सुएबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी आधी नवऱ्याच्या हातातल्या हातोडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. हातोडी ठेवायचं राहूनच गेलं होतं. “बोला,” त्या म्हणाल्या.

हिसानोरींनी खिशातून फोटो काढून पुढे केला. “आई होत्या त्या. सातव्या वर्षी भेटायला आल्या होत्या. मला तिथून निघवेना.”

मित्सुएबाईंनी फोटो जवळ नेला, लांब नेला. “माझी आई? चिखलात पाय घालून? आणि सव्वा तास तोंड मिटून? आई असती तर महाराजांना उशीर केल्याबद्दल तिथंच टोचलं असतं तुम्हाला.”

“खरंय,” कुनिओ म्हणाले, आणि पेटी आवरायला लागले. अशा वेळी तिसऱ्या माणसानं निघावं हे त्यांना कळत होतं.

अंगणात दोघंच उरली. हिसानोरींनी मग सगळं सांगितलं, चौकटीसकट. आता भडका उडणार म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले. पण बाई फोटोच बघत होत्या.

“मला का नाही बोलावलंत?” त्या हळूच म्हणाल्या.

“अगं, श्राद्ध होतं.”

“सोमवारी नव्हतं. मंगळवारी नव्हतं. आज बुधवार आहे.”

एकतीस वर्षं हा माणूस पहाटे दार ओढून एकटा जात आला होता, आणि तू येतेस का हे विचारायचं त्याला एकदाही सुचलं नव्हतं. हिसानोरींना स्वतःची लाज वाटली. टायरच्या थापेपेक्षा ही जास्त लागली.

गुरुवारी सकाळी दोघं बांधावर गेली. बाईंनी शेतातले रबरी बूट चढवले होते. पुन्हा तेच धुकं, सगळं पांढरं, आणि आवाज म्हणाल तर कुठंतरी पाण्याचा एखादा थेंब. बराच वेळ काही दिसेना. उडून गेला असेल, असं हिसानोरी पुटपुटायला लागले, तेव्हा मित्सुएबाईंनी त्यांची बाही ओढली. खाचराच्या पलीकडून तो येत होता. धुक्यातून आधी पाय आले, मग अंग, मग तो तांबडा चेहरा. मान वर करून त्यानं दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा चिखलात चोच घातली.

हिसानोरींनी कॅमेरा उचलला, पण चष्मा धुरकटला. पुसला, पुन्हा धुरकटला. मग त्यांच्या लक्षात आलं की हे धुकं बाहेरचं नाही. शेजारी मित्सुएबाईंनी मोबाइलवर एक फोटो काढला आणि मोबाइल खिशात टाकून त्याही नुसत्या बघत राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनीच वाट काढली. रविवारचा फोटो कपाटात जाईल, महाराजांची अब्रू राहील, आणि आजची तारीख टाकायला कुणाची ना नाही. फक्त एक अडचण होती. ज्याचा फोटो, तो पाहणारा. दुसरा तो साक्षीदार. हा तोगाशीबाईंचा नियम. आणि गुरुवारचा फोटो जगात एकच होता. हिसानोरी फॉर्मकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पेन बायकोच्या हातात दिलं. देताना जिवावर आलं, पण दिलं.

“साक्षीदार नवराच आहे, चालेल ना?” मित्सुएबाईंनी फोनवर विचारलं.

“नवरा-बायकोचं एका गोष्टीवर एकमत झालंय, म्हणजे पक्षी तिथं असणारच,” तोगाशीबाई म्हणाल्या.

हिवाळ्याचा अंक आला. पहिल्या पानावर चौकट, चौकटीत मित्सुए ओबारा, आणि खाली बारीक टायपात साक्षीदार. महाराजांनी पाच अंक घेतले. कुनिओंचा फोन आला, “दाजी, तुम्ही एकतीस वर्षं फिरताय, आणि ताईनं पहिल्याच दिवशी?” हिसानोरी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मन खट्टू झालं, नाही असं नाही.

मग ते चष्मा लावून नोंद वाचायला बसले. तारीख, वेळ, धुकं, सगळं होतं. शेवटी ‘इतर निरीक्षणं’ म्हणून एक रकाना असतो. तो बाईंनी कधी भरला, ते त्यांना माहीतच नव्हतं. तिथं छापलं होतं:

“क्रौंचाच्या अलीकडे बांधावर एक वयस्क नर उभा. वीस मिनिटं जागचा हलला नाही. रडत होता. सदतीस वर्षांच्या संसारात असा दिसल्याची पहिलीच नोंद.”

“अहो,” स्वयंपाकघरातून मित्सुएबाईंनी विचारलं, “नीट छापलंय ना? काही चुकलं नाही ना त्यांचं?”

हिसानोरींनी चष्मा काढून पुसला.

“नाही,” ते म्हणाले. “सगळं बरोबर आहे.”