पांढरी कोंबडी, पिवळी शाई

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक कोंबडी मनात आणा. पांढरीशुभ्र, गुबगुबीत, पाहुणीसारखी मान उंच करून चालणारी. पावलोव्हा नावाच्या फेसाळ पांढऱ्या केकसारखी दिसते म्हणून तिचं नावही पावलोव्हा. ती कुणा एकाची नाही. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावच्या एका शाळेच्या तिसरीच्या अख्ख्या वर्गाची आहे. सुट्टी लागली की ती एका मुलाच्या घरी राहायला जाते आणि शाळा उघडली की परत येते. वर्षभर वाट पाहिल्यावर ईस्टरच्या सुट्टीत पाळी आली होती ब्रायनी लॉकेटची. आता ही कोंबडी नीट धरून ठेवा. सोडू नका. शेवटी मी विचारणार आहे.

सुट्टीच्या पहिल्याच शनिवारी खुराड्याचं दार उघडं राहिलं आणि पावलोव्हा निघून गेली.

"गव्हाचा डबा वाजवत फिरू या," ब्रायनी रडवेली होऊन म्हणाली. "तो खळखळला की ती कुठूनही धावत येते. बाबा, चला ना!"

तिचे बाबा, ग्लेन लॉकेट, एका सरकारी खात्यात खरेदी अधिकारी होते. खुर्ची घ्यायची असली तरी ते आधी बसण्याचं प्रयोजन लिहून काढत.

"भर रस्त्यात डबे बडवत फिरायचं?" ते म्हणाले. "ब्रायनी, शोध घेण्याची एक पद्धत असते. आधी पत्रकं लावायची."

पत्रक तयार झालं. वर 'हरवली आहे', खाली पावलोव्हाचा फोटो. घरच्या प्रिंटरचं बटण दाबलं. त्याने घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि कळवलं की पिवळी शाई संपली आहे, सबब काळंही काही छापता येणार नाही.

"पण कोंबडी पांढरी आहे आणि अक्षरं काळी," ब्रायनी म्हणाली. "पिवळं कशाला हवंय?"

"चोचीला," बाबा म्हणाले.

ते शाई आणायला दुकानात गेले. तिथल्या पोराने त्यांना एक साधी गोष्ट सांगितली. शाईच्या संचापेक्षा नवा प्रिंटर स्वस्त होता आणि त्यात शाई भरलेलीच येत होती.

"मग लोक शाई संपली की काय करतात?"

"प्रिंटर फेकतात, दोस्ता. दुसरा नेतात. तो संपला की तिसरा."

ग्लेनसाहेब हात हलवत घरी आले. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र आयुष्याचं काम सापडल्याचा उजेड होता. त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर 'घरगुती मुद्रणयंत्र (अल्प शाईखर्च) निवड समिती' स्थापन झाली. अध्यक्ष स्वतः बाबा. सदस्य आई आणि आजी. ब्रायनीला कोंबडीची प्रतिनिधी म्हणून नेमलं. बसायला जागा होती, मताचा अधिकार नव्हता. कोंबडीचा विषय 'आयत्या वेळचे विषय' या सदरात घेतला.

"अरे, वाचनालयात पान छापून देतात की," आजी म्हणाली. "वीस सेंटला. मी आत्ता जाऊन आणते."

"आई, आज वीस सेंट. उद्या? दुसऱ्याच्या यंत्रावर अवलंबून राहणं हे धोरण नव्हे."

"मग कोंबडी येईपर्यंत मी विणत बसते," आजी म्हणाली आणि सुया काढल्या.

अभ्यास सुरू झाला. असं कळलं की कंपन्या ज्याला एक पान म्हणतात त्यावर शाई जेमतेम शिंपडलेली असते. आपण ज्याला पान म्हणतो ते त्यांच्या हिशेबी चार-पाच पानं भरतं. असंही कळलं की यंत्र सकाळी उठल्यावर स्वतःची तोंडं धुतं आणि त्यासाठी शाईच पितं. कार्ट्रिजवालं घ्यावं की बाटलीने टाकी भरायचं? आईचं मत कार्ट्रिजकडे झुकलं, कारण बाटली कोण सांडणार आणि कोण पुसणार हे तिला ठाऊक होतं. बाबा टाकीच्या बाजूने होते. चर्चा रंगली, टोस्ट गार झाले.

"पावलोव्हाचं काय?" ब्रायनीने विचारलं.

"विषयपत्रिकेवर आहे," बाबा म्हणाले.

अखेर टाकीवाला आला. लहान वासरू मावेल एवढ्या खोक्यातून आला. महाग होता, पण आठ हजार पानं छापल्यावर तो फुकट पडणार होता. पत्रकं वीस लागणार होती. उरलेली पानं कुठून आणायची, हा नवा प्रश्न समितीपुढे आला.

म्हणून घरात छपाई सुरू झाली. भोपळ्याच्या सुपाची कृती छापली. उद्याचं हवामान छापलं. पाऊस पडला नाही म्हणून सुधारित हवामान छापलं. फुटबॉलचे सामने छापले. आजीला शब्दकोडं हवं होतं, तिला वर्षभराची कोडी मिळाली.

"ग्लेन, हे सगळं कशाला?" आईने विचारलं.

"जितकं जास्त छापू तितकं पान स्वस्त पडतं, रोवेना. आज सकाळपासून आपण केवढं वाचवलंय!"

"आणि कागद?"

"कागद हा वेगळा विभाग आहे."

छापलेल्या पानांचा ढीग वाऱ्याने उडू लागला, तेव्हा बाबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यावर गव्हाचा डबा ठेवला.

"बाबा, तो पावलोव्हाचा डबा आहे!"

"आता तो कार्यालयाचा आहे. हलवलास तर क्रम बिघडेल."

मग पत्रकं निघाली. शाई वाचावी म्हणून बाबांनी सर्वांत फिकट छपाई निवडली. पांढऱ्या कागदावर पांढरी कोंबडी आणि धुक्यातल्यासारखी अक्षरं. पहिली बरीच बाबांना अजून गडद वाटली. ती बारीक फाडून गाडीच्या शेडमध्ये ठेवलेल्या प्रिंटरच्या रिकाम्या खोक्यात टाकली. पसंत पडली ती खांबाखांबावर लावली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या अंगणात एक कोरा कागद उडून आला होता. कुणाचा हरवला असेल तर त्यांनी तो जपून ठेवला होता.

बघता बघता सुट्टीचा शेवटचा रविवार आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रायनीला वर्गासमोर उभं राहायचं होतं. सगळी मुलं पावलोव्हाची टोपली उघडायची वाट बघणार होती. ती दिवसभर काही जेवली नाही. उन्हं उतरायला लागली, तेवढ्यात बाबा उड्या मारतच बाहेर आले.

"एका सेंटच्या खाली! पानामागे एका सेंटच्या खाली आलो आपण!"

"आणि पावलोव्हा?"

बाबांनी चष्मा वर केला. "कोण?" ते म्हणाले.

हसू नका. खरं सांगा, टाकी बरी की कार्ट्रिज, हे तुम्हीही मनात ठरवत होतात ना? तुमच्या घरच्या यंत्राची पानंही मोजून झाली असतील. मघाशी मी तुमच्या हातात एक कोंबडी दिली होती. कुठे आहे ती?

ब्रायनीने पाठ फिरवली. ती आत गेली आणि ढिगावरचा डबा तिने उचलला. वर्षभराची कोडी, सूप आणि हवामान घरभर उडालं. मागून बाबा "क्रम! क्रम!" करत आले. ती तडक फाटकापाशी गेली आणि दोन्ही हातांनी डबा खळखळवला.

रस्ता गप्प होता. तिने पुन्हा खळखळवला, रडत, जिवाच्या आकांताने.

आवाज आला तो पाठीमागून. शेडमधल्या त्या मोठ्या खोक्यातून झोपाळू 'कुक्' ऐकू आलं आणि मग पावलोव्हाची मान वर आली. फाडलेल्या पत्रकांच्या मऊ गादीवर, स्वतःच्याच फिकट फोटोंवर ती बसली होती. खाली तीन अंडी होती. ती खोक्याबाहेर उडी मारून धावत आली आणि ब्रायनीच्या पायाशी गहू टिपू लागली.

आजीने सुया खाली ठेवल्या. आईने डोळे पुसले. बाबांनी अंडी मोजली. मग त्यांचा चेहरा उजळला.

"आता 'सापडली' अशी पत्रकं लावायला हवीत!" ते म्हणाले. "रंगीत! निदान दोनशे!" आणि ते घराकडे वळले.

ब्रायनीने पावलोव्हाला काखेत घेतलं. दुसऱ्या हातात डबा घेतला, बाबांच्या मागोमाग गेली, टाचा उंचावून तो त्यांच्या कानाशी नेला आणि वाजवला.