रकाना नववा: किती हवा?

चाकाचा शोध लागला आणि माणूस पुढे गेला, हे सगळ्यांना मान्य आहे. पण तो शोध लावणाऱ्याला निवड करावी लागली नव्हती, ही गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. त्याच्यापुढे एकच चाक होतं. तो ते लावून मोकळा झाला. घाईघाईत मोठी कामं अशीच होऊन जातात आणि मागे एक साधा कागदही राहत नाही.

तक्तेसाहेब घाई करणाऱ्यांतले नव्हते. एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली. टाचणी घ्यायची असो की कपाट, आधी तुलनात्मक तक्ता, मग पुढचं बोलणं. त्यावरून हे नाव पडलं. (खरं आडनाव निरोपाच्या मानपत्रावर होतं, तेही चुकीचं छापलेलं.) त्यांच्या कारकिर्दीत एकही वस्तू चुकीची घेतली गेली नाही. मुळात फार वस्तू घेतल्या गेल्या नाहीत हे खरं, पण त्यामुळे पहिल्या विधानाला बाध येत नाही. कार्यालयाने पंख्याशिवाय सहा उन्हाळे काढले, आणि सातव्या उन्हाळ्यात जो पंखा आला तो निर्दोष होता.

निरोपाच्या भाषणात साहेब बोलून गेले, "आता निवांत मासे पकडीन म्हणतो." अशा वेळी काहीतरी बोलावं लागतं. सहकाऱ्यांनी मात्र ते मनावर घेतलं आणि वर्गणी काढून मासेमारीची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, भेट दिली: बारा फूट लांब, अडतीस किलो, दोन आसनं, गळाच्या काठ्या खोचायला चार भोकं. (ही वस्तू त्यांनी अर्ध्या दिवसात निवडली. साहेबांच्या मागे विभागाचं काय झालं असेल, याची यावरून कल्पना यावी.)

कयाक घराच्या बोळवजा ओसरीत येऊन पडली. साहेबांच्या पत्नीने तिच्यावर टॉवेल वाळत घातले. आणि साहेबांचे वडील, आबा, दुसऱ्याच दिवशी चहाचा कप घेऊन तिच्या पुढच्या आसनावर जाऊन बसले.

आबांचं वय त्र्याऐंशी. उभा जन्म त्यांनी एका धक्क्यावरच्या खिडकीत बसून नावेची तिकिटं फाडण्यात घालवला. लाखो लोकांना त्यांनी पाण्यावर धाडलं; स्वतः एकदाही गेले नाहीत, कारण शेवटची नाव सुटल्याशिवाय खिडकी बंद करता येत नसे. हृदय आता थकलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना जे काही करायचं असेल ते करू द्या, आणि फार लांबवू नका.

"मला एकदा ने रे पाण्यात," आबा म्हणाले. "फार आत नको. नुसतं तरंगून येऊ."

"नेतो की आबा. चाकं आली की निघायचं."

हे आश्वासन मनापासून दिलेलं होतं, हे इथे नमूद करणं न्यायाला धरून होईल.

चाकांची गरज खरी होती. मोटारीच्या टपावरून कयाक समुद्रापर्यंत गेली असती, पण रस्ता संपतो तिथून पाण्यापर्यंत दोनशे चाळीस पावलं निव्वळ वाळू. कयाक दुचाकी गाड्यावर बांधायची, आबांना तिच्यात बसवायचं आणि ओढत न्यायचं, असा बेत ठरला. त्यासाठी चाक निवड समिती नेमण्यात आली. अध्यक्ष, तक्तेसाहेब. सदस्य सचिव, साहेबांच्या पत्नी (नेमणूक झाली तेव्हा त्या बाजारात होत्या). तांत्रिक सल्लागार, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला. लाभार्थी, आबा. लाभार्थ्याला मत नव्हतं, पण बैठकीत बसायची मुभा होती आणि ते कयाकमध्येच बसत.

पहिल्या महिन्यात वाळूचा अभ्यास झाला. ती सात ठिकाणांहून गोळा करून सात बरण्यांत भरण्यात आली; बरण्यांतलं सामान तात्पुरतं पिशव्यांत गेलं ते अजून तिथेच आहे. निष्कर्ष असा निघाला की किनाऱ्यावरची एकसष्ट टक्के वाळू कोरडी, एकोणतीस टक्के ओली आणि उरलेली दहा टक्के सदस्य सचिवांच्या घरात सगळीकडे.

पाहणी चालू असताना किनाऱ्यावरचा जीवरक्षक मचाणावरून खाली आला. साहेब गुडघ्यांवर बसून वाळूत फूटपट्टी खुपसत होते.

"काही हरवलंय का साहेब?"

साहेबांनी प्रकल्प समजावून सांगितला. जीवरक्षकाने डोकं खाजवलं.

"अहो, मग उचलून नेऊ की! एक टोक तुम्ही धरा, एक मी. आजोबांना नंतर पाठीवर घेतो. रोज याहून जड माणसं ओढून काढतो मी पाण्यातून. उद्या सकाळी या."

हा प्रस्ताव साहेबांनी टिपून घेतला आणि यथावकाश बैठकीपुढे ठेवला. तो फेटाळताना अध्यक्षांनी दिलेली कारणं अशी: एक, प्रस्ताव तोंडी होता. दोन, तो मागवलेला नव्हता. तीन, उचलणे हा चाकाचा प्रकार नाही.

"अहो, पण बरं सांगतोय की तो!" सदस्य सचिव म्हणाल्या. "उद्या सकाळी जाऊ, आबांना आणू फिरवून, झालं!"

"झालं म्हणजे काय झालं? परवा पुन्हा जायचं म्हटलं तर? कायमस्वरूपी व्यवस्था नको?"

"त्यांना कुठे कायमचं जायचंय?" त्या म्हणाल्या, आणि उठून टॉवेल गोळा करू लागल्या. इतिवृत्तात हे वाक्य घेतलेलं नाही.

मग चाकांच्या चाचण्या झाल्या. कडक प्लास्टिकची बारीक चाकं सव्वाचार इंच रुतली (ती उकरून काढण्याचा वेळ धरलेला नाही). सायकलीसारखी हवेची चाकं कमी रुतली, पण शिंपल्याने फाटली. आत फोम भरलेली चाकं फाटणं शक्यच नव्हतं, म्हणून पंक्चरवाल्याने तत्त्वाचा मुद्दा म्हणून हरकत नोंदवली. चौथा प्रकार होता फुग्यासारख्या गुबगुबीत चाकांचा. ती वाळूवरून अशी गेली की मागे धड खूणसुद्धा उमटली नाही.

हे सगळं दुसऱ्याच महिन्यात स्पष्ट झालं होतं. एखाद्या कच्च्या माणसाने तिथल्या तिथे फुग्याची चाकं उचलली असती आणि त्या रविवारी बाप पाण्यावर गेलाही असता. पण साहेबांचा अनुभव दांडगा होता. जी वस्तू उघडउघड चांगली दिसते तिच्याबद्दल जास्तीत जास्त संशय घ्यावा, हे ते जाणून होते. शिवाय नियमाप्रमाणे तीन विक्रेत्यांचे तुल्य देकार (म्हणजे दरपत्रकं) लागतात. फुग्याची चाकं बनवणारा त्यांच्या माहितीत एकच होता. उरलेले दोघे सापडेपर्यंत थांबणं ओघानेच आलं.

थांबण्याचा काळ वाया जाऊ नये म्हणून हवेचा प्रश्न हाती घेण्यात आला. पंक्चरवाला म्हणाला होता, "साहेब, फुग्याच्या चाकात हवा भरायची नसते, नुसती दाखवायची. दोन-तीन पौंड. किती ते वजनावर आहे." वजन म्हणजे कयाक अधिक आबा. तेव्हा लाभार्थ्याकडून माहिती मागवणं भाग होतं, आणि त्यासाठी अकरा रकान्यांचं पत्रक तयार झालं. नाव, वय, अध्यक्षांशी नातं (आबांनी लिहिलं, 'बाप'), वजन (बावन्न किलो), असं करत नवव्या रकान्यात विचारलं होतं: किती हवा?

आबांनी चष्मा लावला, बराच वेळ विचार केला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'एक तास.'

पत्रक परत आलं. लाल शाईत शेरा होता: 'अमान्य. फेरविचार करून भरावे.'

कोणी म्हणेल, एकाच घरात राहणाऱ्या बापलेकांनी समोरासमोर बोलून घ्यायला काय झालं होतं? पण आबाही खिडकीतलेच. चुरगळलेली नोट दिली म्हणून त्यांनी किती माणसांना रांगेच्या शेवटी पाठवलं होतं. आता कागद परत आल्यावर कुरकूर करायची नसते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक! आपण जास्त मागितलं, एवढंच ते समजले. त्यांनी 'एक तास' खोडून 'अर्धा तास' केलं.

शेरा: 'अमान्य. एकक चुकले.'

आबांनी ते तीनदा वाचलं. मग 'अर्धा तास' खोडून 'दहा मिनिटं' लिहिलं. तेही परत आलं तेव्हा ते सुनेला म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. त्याला केवढे व्याप! मीच हावरटपणा करतोय." आणि चौथ्या वेळी त्यांनी लिहिलं: 'जमेल तेवढा.'

साहेबांना हसू आलं. म्हातारपणी माणसाला साधा प्रश्न कळत नाही याचं थोडं वाईटही वाटलं. त्यांनी तो रकाना स्वतःच भरला, ३ पौंड, आणि वर लिहिलं, 'लाभार्थ्याच्या वतीने.'

दुसरा देकार नवव्या महिन्यात आला, तिसरा चौदाव्या. दरम्यान आबा कयाकमध्ये बसायचे थांबले. आधी आत उतरायला त्रास होऊ लागला, मग खोलीतून ओसरीपर्यंत यायला. तेराव्या महिन्यात एका दुपारी ते झोपेतच गेले. समितीने एक मिनिट उभं राहून शोक व्यक्त केला आणि लाभार्थ्याची जागा रिक्त असल्याची नोंद केली.

चाचणी मात्र रद्द करणं शक्य नव्हतं. सगळा हिशेब बावन्न किलोवर बेतलेला. तेव्हा बावन्न किलो वाळू दोन पोत्यांत भरून पुढच्या आसनावर पट्ट्याने बांधण्यात आली आणि निवडलेल्या चाकांवरून ती वाळू वाळूवरून पाण्यापर्यंत नेण्यात आली. दोनशे चाळीस पावलं, चार मिनिटं, रुतणे शून्य. जीवरक्षकाने मचाणावरून आधी पोत्यांकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिला.

साहेब पोती घेऊन पाण्यातही गेले. लाटांच्या पलीकडे पाणी शांत होतं. तिथे वल्हं आडवं ठेवून ते मागच्या आसनावर बसले आणि समोरच्या पोत्यांकडे बघता बघता त्यांना रडू कोसळलं. आबांची इतकी आठवण त्यांना कधीच आली नव्हती. हा भाग अहवालात नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता.

अहवाल एकशे बारा पानांचा झाला आणि कयाकवाल्यांच्या मासिकात त्याचा सारांश छापून आला. त्यावर चारशे दहा पत्रं आली. कोणी चाकाचा व्यास विचारला, कोणी आस गंजतो का ते विचारलं, पंचाहत्तर जणांनी हवा नक्की तीनच पौंड का, असं विचारलं. ते बावन्न किलो कोण होतं, हे एकानेही विचारलं नाही. साहेबांनी सगळ्यांना सविस्तर उत्तरं दिली.

आता आपणही इथवर आलात ते शेवटी कोणती चाकं घेतली हे कळावं म्हणून, यात गैर काही नाही. चौथ्या प्रकारातली, तिसऱ्या देकाराची, टिपून ठेवा. आपल्या घरी कोणी कुठे न्या म्हणून मागे लागलं असेल, तर त्यांना थोडं थांबायला सांगा. माहिती पक्की आहे, पण आपण आपल्या परीने एकदा पडताळून घेतलेली बरी.