सांडूकाकांचं माप

आमच्या स्वयंपाकघरातला मेलेला नळ रोज पहाटे पावणेसहाला श्वास घ्यायचा. गच्चीवरची सिमेंटची टाकी तडकली तेव्हा सोसायटीनं प्लॅस्टिकच्या टाक्या बसवल्या, नवी लाइन टाकली, आणि हा जुना नळ ओट्याशेजारी तसाच राहिला. पाण्याचा थेंब नाही. त्यातून दिवाळीनंतर एक आवाज यायला लागला. आधी लांब श्वास, मग खर्जात, "लाभ." पुन्हा श्वास. "दोन." पुन्हा श्वास. "तीन."

बायकोनं नळाला हळदकुंकू वाहिलं. मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळं मला घाबरायची सोय नव्हती. मी नळात फडक्याचा बोळा कोंबला. आवाज बोळ्यातूनही आला.

पण "लाभ" ऐकून मला शंका आली. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आणि आमच्या बिल्डिंगमध्ये असं मोजणारा माणूस एकच, तिसऱ्या मजल्यावरचे सांडूकाका. उभा जन्म लासूर स्टेशनच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी. मुलानं आईवडिलांना इथं फ्लॅटवर आणलं आणि स्वतः बदली होऊन नागपूरला गेला. काकू त्याच वर्षी वारल्या. काकांचं बीपी वाढलं, डॉक्टरांनी ध्यान सांगितलं. तेव्हापासून जिन्यात भेटेल त्याला विचारणार, "आज बसलात का?" नाही म्हटलं की मान हलवणार. "ध्यान म्हंजी काय, श्वास मापायचा. आजचं माप आजच घालायचं. उद्या घालून नाय चालत." एकदा औरंगपुऱ्यातून येताना रिक्षातच डोळे मिटून मापायला लागले. "चाचा को कुछ हुआ क्या?" म्हणत रिक्षावाल्यानं रिक्षा कडेला घेतली.

एका पहाटे त्या नळाच्या जुन्या पाइपचा माग काढत मी गच्चीवर गेलो. जुन्या टाकीचं झाकण बाजूला, आत शिडी सोडलेली. काळोखातून आवाज आला, "एक्केचाळीस." मी आत डोकं घातलं. माझ्या कानाशी माझी बायको बोलली, "आलं संपलंय." ती तर चार मजले खाली, ओट्यापाशी होती.

"वहिनी हाय ती," काका अंधारातून म्हणाले. "समद्यांची घरं ऐकू येत्यात हितं. दुसऱ्या मजल्यावरचं लेकरू आता रडंल बघा."

ते रडलं.

"काका, टाकीच्या सळया उघड्या पडल्यात. स्लॅब डोक्यात पडेल. घरी बसा की, घरात शांतता आहे."

काकांनी चालू श्वास आधी पुरा मापला.

"घरात बसून पाह्यलं, साहेब. घरात श्वास दोन ऐकू येत्यात, माझा आन् हिचा. डोळे उघडले की एकच ऱ्हातो. मंग माप मोडतं."

 पण स्लॅबला हे सांगून उपयोग नव्हता. त्याच दिवशी मी टाकीला कुलूप घातलं आणि दिवसभर स्वतःला शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला नळ गप्प. बायको दहा मिनिटं त्याच्यासमोर उभी राहिली. मग पदर खोचून तडक तिसऱ्या मजल्यावर गेली. "काका, आमच्या ओट्यापाशी येऊन बसा. मला कुकर लावायचाच आहे."

"शिट्ट्या व्हऊ द्या मातर," म्हणत काका आले. आता रोज येतात. मेलेल्या नळाखाली सतरंजीवर बसतात, शेजारी मी. माझं माप अजून चारच्या पुढं जात नाही, पण बसतो.

गेल्या आठवड्यात काकांनी "लाभ" म्हटलं आणि डोक्यावरच्या नळानं एक लांब श्वास घेतला. टाकीला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात होती. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. "वारा असेल," मी म्हणालो. 

काकांनी डोळे उघडले नाहीत. ते सतरंजीवर जरासे सरकले, आणखी एका माणसाला जागा होईल इतके, आणि म्हणाले, "दोन."